प्रकल्प नोंदी: निपाणीच्या छापखान्याची ५०० जीबी डिस्क

८ जुलै २०२४, सोमवार

निपाणीच्या एका छापखान्यातल्या डीटीपी (संगणकावर पानं मांडायच्या) मशीनची डिस्क डेटा परत काढायला बेळगावात आली. साडेतीन इंची, साटा, ५०० जीबी, ७२०० आरपीएम. विंडोज ७. सी वर विंडोज आणि फॉन्ट, डी वर दहा-अकरा वर्षांचं काम: लग्नपत्रिका, विडी बंडलांची लेबलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. बहुतेक कोरलड्रॉत (सीडीआर फाइली), थोडं पेजमेकरमध्ये, दोन्ही पानं मांडायची सॉफ्टवेअरं. मराठी मजकूर श्रीलिपी फॉन्टांत, कन्नड नुडीच्या. बॅकअप म्हणून एक पेनड्राइव्ह, त्यात २०१९ पर्यंतचं निवडक.

लक्षणं: मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं, फोल्डर उघडला की सगळं गोठतं. विंडोजने आपणहून चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन लावलं, ते १४ टक्क्यांवर अडकलं, तेव्हा बटण दाबून मशीन बंद केली. त्यानंतर डी वर क्लिक केलं की ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न. तिथे ‘नाही’ दाबलं गेलं, म्हणून पुढच्या नोंदी लिहिता येतात.

चेकडिस्कबद्दल एकदाच लिहून ठेवतो. तबकडी (डिस्कच्या आत फिरणारी, डेटा धरणारी चकती) धड आहे आणि फक्त फाइलींची मांडणी बिघडली आहे, असं धरून ते काम करतं. वाचता न आलेली नोंद त्याच्या लेखी चुकीची, म्हणून ते ती कापतं आणि सुटे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरात ‘सीएचके’ शेपटीने टाकतं. मरणाऱ्या डिस्कवर हे चालवणं म्हणजे वाचायला जड जातंय म्हणून वहीची पानं फाडणं.

आधी कानाने तपासणी. डेटा केबल न लावता फक्त वीज दिली, मिनिटभर ऐकलं. मोटर सुरळीत फिरली, हेड (तबकडीवरचं वाचणारं टोक) उतरताना एक हलकी टक, मग शांत. ठरावीक अंतराने टक-टक आणि मग मोटर बंद, किंवा बारीक पिपाणीसारखा आवाज, किंवा खरखर, यातलं काहीही असतं तर काम इथेच थांबवून डिस्क पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या क्लीनरूम असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायची असं ठरलं होतं. फिरताना हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. दुकानात झाकण उघडून ‘जरा बघू’ म्हणण्यासारखी ही वस्तू नाही.

फ्रीझरचा सल्ला छापखान्यातही कुणीतरी दिला होता. डिस्कला हवा घ्यायला बारीक भोक असतं. जुलैतल्या बेळगावच्या हवेत फ्रीझरमधून काढलेली वस्तू दोन मिनिटांत घामेजते, आणि तो घाम तबकडीवरही धरतो.

मागची पाटी (सर्किट बोर्ड) टी-६ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने काढली. हेडकडे जाणारे संपर्कबिंदू काळवंडलेले होते, दमट हवेतल्या जुन्या डिस्कांत हे नेहमी दिसतं. पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासले, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, दहा मिनिटं वाळू दिलं. पाटी बाहेर असतानाच मल्टिमीटरने ५ आणि १२ व्होल्टच्या संरक्षक डायोडांची सातत्यचाचणी घेतली, दोन्ही ठीक. (यातला एखादा शॉर्ट असेल तर डिस्क अजिबात फिरत नाही. तो डायोड उपसला तरी ती बऱ्याचदा जागी होते. मात्र तेव्हा आधी पॉवर सप्लाय बदलायचा, कारण संरक्षण गेलेलं असतं.) दुसऱ्या डिस्कची पाटी आणून लावायचा विचार इथे नाहीच. पाटीवरच्या आठ पायांच्या चिपमध्ये त्या एका डिस्कची मापं असतात. ती चिप उतरवून लावल्याशिवाय परकी पाटी चालत नाही.

डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली. यूएसबी डॉक वापरला नाही: त्याचा पूल (साटा आणि यूएसबी जोडणारी चिप) खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) अडखळला की पूर्ण जोडणीच तोडतो, आणि खरी चूक काय होती ते लपवतो. पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू लिनक्स, ऑटोमाउंट (डिस्क आपोआप उघडणं) बंद, डिस्कवर ‘फक्त वाचा’ची खूण.

स्मार्टकंट्रोलने वाचलेले स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी):

एकूण प्रकृती: ‘पास’. या शब्दाकडे लक्ष देऊ नये.
क्र. ५, बदललेले सेक्टर: १,८६४
क्र. १९७, प्रलंबित (वाचता न आलेले, अजून न बदललेले): ३१२
क्र. १९८, न सुधारणारे: ३१२
क्र. १९९, केबलच्या चुका: ०, म्हणजे वायरचा दोष नाही
क्र. ९, चालू तास: ३१,४२०
सेक्टर: लॉजिकल ५१२, फिजिकल ४०९६ बाइट

रोज दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ३१,४२० तास म्हणजे साडेदहा वर्षं. छापखान्याच्या मशीनला साजेसं. शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी, ती १२ तारखेला कामी येते.

९ जुलै, मंगळवार

डिस्कमध्ये किती वाचनं शिल्लक आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सरळ नक्कल करण्याऐवजी क्रम ठरवला: आधी फाइलींची नावं, मग वापरातली जागा, रिकामी जागा जमलं तर. पुष्कळ जण नावांचा विचार शेवटी करतात. डीटीपीच्या डिस्कवर ते महागात पडतं. फोटोरेक हे साधन फाइली खणून काढतं, पण नाव आणि फोल्डर देत नाही. तीस हजार बेनाम कोरलड्रॉ फाइलींतून एका पतसंस्थेचा २०२२ चा अहवाल शोधणार कसा? आतला मराठी मजकूर श्रीलिपीच्या सांकेतिक अक्षरांत असतो, युनिकोडमध्ये नाही, त्यामुळे मजकुराने शोधही लागत नाही. इथे नाव गेलं की फाइल असून नसल्यासारखी.

जागेचे हिशेब. पूर्ण डिस्क ९७,६७,७३,१६८ सेक्टर. सुरुवातीला विंडोज ७ चं नेहमीचं १०० एमबीचं राखीव पार्टिशन, सी सेक्टर २,०६,८४८ पासून, डी सेक्टर २०,९९,२२,०४८ पासून. एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) नावांचा तक्ता, म्हणजे एमएफटी, विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या पार्टिशनवर सहसा ७,८६,४३२ व्या क्लस्टरला सुरू होतो. क्लस्टर म्हणजे जागा वाटायचा एक गठ्ठा, इथे ४०९६ बाइटचा, तेव्हा पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबी पुढे (१०२४ च्या मापाने). डी चा तक्ता त्या हिशेबाने बाइट १,१०,७०,१३,१४,०४८ वर. अंदाजावर विसंबलो नाही. पार्टिशनचा पहिला सेक्टर आधी वाचला, त्यात तक्त्याचा पत्ता लिहिलेला असतो. तोच निघाला.

नक्कल नवीन १ टीबी डिस्कवर, एक्स्ट४ (लिनक्सची फाइल-मांडणी), इमेज फाइलच्या रूपात, म्हणजे पूर्ण डिस्क एका फाइलीत. डिस्कवरून थेट डिस्कवर उतरवताना स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल व्हायची भीती असते. फाइलीत ती उरत नाही. एफएटी३२ या जुन्या मांडणीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून कुणाची जुनी फॉरमॅट केलेली डिस्क हाताशी असली तरी आधी ते बघायचं.

साधन: जीएनयू डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची नक्कल काढणारं. पर्यायांची अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे लिहितो. डी म्हणजे कर्नेलचा साठा टाळून थेट वाचन, छोटा आणि मोठा एन म्हणजे खराब जागांच्या कडा तासणं (दोन्ही टोकांकडून वाचत जाणं) आणि खरवडणं (आतला एकेक सेक्टर वाचणं) दोन्ही नंतर, बी ४०९६ म्हणजे सेक्टरचं माप. मॅपफाइल, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद, त्याच १ टीबी डिस्कवर. ती लाइव्ह लिनक्सच्या घरच्या फोल्डरात ठेवली तर ती रॅममध्ये असते, करंट गेला की मॅप गेला, आणि मॅपशिवाय कुठवर आलो ते कळत नाही.

सकाळी डी चा तक्ता आणि त्यापुढची मिळून २५६ एमबी वाचली. नोंदी सुमारे १,०८,००० म्हणून तक्ता ११० एमबीच्या आसपास. दोन फिजिकल सेक्टर अडले. एक नोंद १ केबीची, सेक्टर ४ केबीचा, त्यामुळे दोन सेक्टरांत जास्तीत जास्त आठ नोंदी. तक्त्याच्या पहिल्या चार नोंदींची प्रत पार्टिशनवर दुसरीकडे असते, बाकीच्यांना प्रत नाही.

मग वापरातल्या जागेचा नकाशा, म्हणजे बिटमॅप. डी वर साधारण ९.५८ कोटी क्लस्टर, प्रत्येकाला एक बिट, एकूण १२ एमबी. तो सगळा वाचला गेला. डीडीआरयू-एनटीएफएसबिटमॅप या हत्याराने त्याचा डीडीरेस्क्यूला समजणारा क्षेत्र-मॅप तयार केला. ३९२ जीबीपैकी वापरात १८२ जीबी. निम्म्याहून जास्त वाचन वाचलं.

संध्याकाळी पाचला क्षेत्र-मॅप लावून पहिली फेरी सुरू. सुरुवातीला सेकंदाला ९० एमबी. तापमान ५२ अंशांवर गेल्यावर १२ व्होल्टचा छोटा पंखा समोर उभा केला, ४१ वर स्थिरावलं. साध्या डेस्कटॉप डिस्कची सहनशक्ती साधारण ६० पर्यंत, पण आजारी डिस्क त्या कडेपर्यंत नेऊ नये.

१० जुलै, बुधवार

सकाळी पडद्यावर चुकांचा आकडा हजारोंनी वाढलेला आणि उरलेलं सगळं अंतर ‘करून झालं’ असं. आनंदाचं कारण नव्हतं. लॉग पाहिला: रात्री १.४० ला एका सेक्टरवर डिस्क अडून बसली, ३० सेकंद झाल्यावर कर्नेलने जोडणी रीसेट केली, दोन-तीनदा तसंच झालं आणि डिस्क पोर्टवरून नाहीशी झाली. नसलेल्या डिस्कवर प्रत्येक वाचन तत्काळ फसतं. डीडीरेस्क्यू मात्र इमानदारीने उड्या मारत शेवटपर्यंत गेला आणि ६१ जीबी जागेवर ‘वाचता आलं नाही, कडा तासायच्या बाकी’ अशी खूण करून मोकळा झाला.

मॅपचा चुकीचा शिक्का एवढंच नुकसान. मॅपफाइलची प्रत ठेवली आणि पुढच्या वेळी मोठा ए हा पर्याय लावला: न तासलेल्या, न खरवडलेल्या जागा पुन्हा ‘न पाहिलेल्या’ धरल्या जातात. पण त्याआधी तीन बदल.

एक, कर्नेलची थांबण्याची मर्यादा ३० वरून १८० सेकंद केली. डिस्क स्वतःशीच झगडत असते, मध्येच लाथ मारली की ती जास्त बिथरते. सात सेकंदांत हार मान, असं डिस्कलाच सांगता येतं का तेही पाहिलं, पण या जातीत ती सोय नाही.

दोन, मोठा ई लावून चुकांच्या वेगाला मर्यादा घातली. मर्यादा ओलांडली की काम थांबतं, रात्रभर खोटा मॅप तयार होत नाही.

तीन, डिस्कचा पत्ता. नाहीशी झालेली डिस्क परत आली तेव्हा एसडीबीची एसडीडी झालेली होती. यापुढे सगळीकडे ‘बाय-आयडी’ खालचं मॉडेल आणि सिरियल नंबराचं लांबलचक नाव वापरायचं. ते बदलत नाही.

पूर्ण बंद करून, अर्धा तास थंड होऊ देऊन पुन्हा सुरू. दुपारी दोनच्या सुमारास करंट गेला, २२ मिनिटं. ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटर बंद ठेवल्यावर साधारण पंधरा मिनिटं टिकतो. दहाव्या मिनिटाला कंट्रोल-सी देऊन रीतसर बंद केलं. मॅप थोड्या थोड्या वेळाने लिहिला जातोच, पण यूपीएस संपेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. चालू डिस्कची वीज तोडली तर हेड घाईत मागे फेकलं जातं, आणि या हेडाला आता घाई नको.

रात्री अकराला कॉपीचा टप्पा संपला. हा टप्पा एक फेरी पुढून मागे आणि दुसरी मागून पुढे घेतो. खराब जागा लागली की उडी, सलग लागली तर उडी दुप्पट, आणि उलट फेरीत त्या उडीखाली सुटलेलं पलीकडच्या बाजूने गोळा होतं. १८२ जीबीपैकी १८१.८४ हाती, उरले १६० एमबी.

११ जुलै, गुरुवार

डीडीरेस्क्यूव्ह्यूमध्ये मॅप उघडला. खराब जागा डिस्कच्या ११८ ते १२१ जीबीच्या पट्ट्यात दाट, एक छोटा पुंजका ३०० च्या पुढे, बाकी तुरळक. हे रूप महत्त्वाचं. चांगलं-वाईट-चांगलं-वाईट असे सारख्या अंतराचे पट्टे सगळीकडे दिसले असते तर एक हेड कमजोर, आणि तसं असेल तर खरवडायच्या फंदात न पडता प्रयोगशाळेचा विचार करावा. एकाच ठिकाणी दाटी म्हणजे तबकडीचा तेवढा भाग खराब. घरगुती उपायाला वाव आहे.

लगेच खरवडायला घेतलं नाही. सी वरचे फॉन्ट अजून आलेले नव्हते. खरवडताना डिस्क मेली तर डी वरच्या लाखभर फाइली उघडतील, पण त्यातली मराठी दिसणार नाही. श्री-देव-०७०८ मध्ये बसवलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. नुडीचंही तेच. दुकानात नवी श्रीलिपी घेतली तरी जुन्या आवृत्तीतले नेमके तेच क्रमांक मिळतील याची खात्री धरता येत नाही.

सी चा तक्ता, बिटमॅप, मग वापरातली ६१ जीबी, त्याच पद्धतीने. चार तास. उरले २४ एमबी. एनटीएफएसफाइंडबॅडने खराब जागा कोणत्या फाइलींत पडतात त्याची यादी काढली: बहुतेक विंडोजच्या पेजफाइलीत आणि अपडेटच्या कचऱ्यात. फॉन्टांपैकी फक्त दोन. तेवढ्या दोन फाइलींच्या जागा आरंभ आणि लांबी देऊन स्वतंत्रपणे खरवडल्या. एक पूर्ण आली, दुसरीत एक सेक्टर राहिला. टीटीएफ फॉन्ट फाइलीत आतल्या प्रत्येक तक्त्याची बेरीज लिहिलेली असते, त्यावरून हे ताडता येतं. तो फॉन्ट २०१९ च्या पेनड्राइव्हवर सापडला.

सी वरचं बाकी काही खरवडलं नाही. विंडोज नवीन टाकता येते.

१२ आणि १३ जुलै

डी च्या उरलेल्या १६० एमबीवर कडा तासणं: ८४ एमबी उरले. मग खरवड, म्हणजे एकेक सेक्टर. १३.९ एमबी उरले.

इथे ४०९६ चा हिशेब. या डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४ केबीचा, बाहेर मात्र ती ५१२ चे आठ तुकडे दाखवते. डीडीरेस्क्यूला माप सांगितलं नाही तर तो ५१२ धरतो, आणि एका मेलेल्या सेक्टरवर आठदा धडक देतो. एका धडकेला साधारण तीन सेकंद. शेवटी राहिलेल्या २,७३८ सेक्टरांचाच हिशेब केला तर एका फेरीला सव्वादोन तास, आणि ५१२ च्या मापाने तेच सव्वाअठरा तास. वेळेपेक्षा हेडचा छळ वाचला हे मोठं.

पुन्हा प्रयत्न, आर ३. पहिल्या फेरीत २.१ एमबी मिळाले, दुसरीत ०.५, तिसरीत ०.१. शेवटी ११.२ एमबी, म्हणजे २,७३८ सेक्टर. इथे थांबलो. चौथ्या फेरीत अजून दहा-वीस सेक्टर आले असते, पण तो जुगार. फेऱ्यांची संख्या आधी ठरवून नाही, मिळकत घटताना बघून थांबवावी. तक्त्यातले ते दोन सेक्टर शेवटपर्यंत आले नाहीत.

स्मार्टचे आकडे जाता जाता पाहिले. प्रलंबित ३१२ होते, आता २,७०० च्या वर. दोन दिवसांत एवढी बिघडली असं नाही. जिथे वाचायला जाऊन ठेच लागली तेवढ्याच सेक्टरांची गणती हा आकडा करतो, न वाचलेल्या जागेबद्दल तो गप्प असतो. ‘फक्त ३१२ आहेत, अजून वर्षभर चालेल’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही नोंद.

डिस्क काढली, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात. यापुढचं सगळं इमेजवर.

१५ जुलै, सोमवार

इमेजची आणखी एक प्रत, मॅपचीही. मग खराब जागांवर खूण भरली. डीडीरेस्क्यूचा फिल मोड वाचता न आलेल्या जागी आपण दिलेला मजकूर पुन्हा पुन्हा लिहितो. एरवी तिथे शून्यं असतात, आणि शून्यं धड फाइलींतही असतात, त्यामुळे कोणती फाइल तुटली ते कळत नाही. खुणेसाठी ‘खराबसेक्टर’ हा शब्द युनिकोडमध्ये घेतला. या डिस्कवरचं मराठी श्रीलिपीचं, युनिकोड जवळपास नाहीच, तेव्हा हा शब्द चुकून दुसरीकडे सापडायची भीती नाही.

इमेज लूप उपकरणावर (फाइलीला डिस्कसारखं दाखवणारी लिनक्सची सोय), फक्त वाचण्यापुरती माउंट. डी पहिल्या झटक्यात उघडली. फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या, तारखा कायम ठेवून. तारखा घालवू नयेत. छापखान्यात ‘गेल्या तुळशीच्या लग्नानंतरची पत्रिका’ अशाच खुणेने काम शोधलं जातं.

मग ग्रेप या शोधसाधनाने सगळ्या फाइलींत ‘खराबसेक्टर’ शोधला. १,०८,००० च्या आसपास फाइलींपैकी ५७ तुटक्या. २,७३८ सेक्टरांपैकी निम्म्याहून जास्त एकाच ३ जीबीच्या झिपमध्ये, २०१६ च्या फोटोंच्या. नशिबाने दिलेली सूट.

५७ ची फोड: झिप १, सीडीआर २३, पेजमेकर ९, टिफ आणि जेपीईजी १४, पीडीएफ ६, एक्सेल ४.

१६ जुलै, मंगळवार

सीडीआर. कोरलड्रॉ सेव्ह करताना आधीची आवृत्ती त्याच फोल्डरात ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने ठेवतं. कटकट वाटून लोक त्या पुसतात. या छापखान्याने पुसल्या नव्हत्या, आणि २३ पैकी १५ कामं त्यातून सुटली, फार तर शेवटची एक-दोन दुरुस्ती गेली. उरलेल्या आठांत दोन प्रकार. जुन्या आवृत्तींच्या फाइली रिफ (सुट्या कप्प्यांच्या) बांधणीच्या, त्यात भोक पडलं तर बऱ्याचदा एखादी आकृती हरवून बाकीचं पान उघडतं. अशा पाच उघडल्या. एक्स४ पासून पुढच्या सीडीआर म्हणजे मुळात झिप: आतला मुख्य प्रवाह दाबलेला असतो, त्यात भोक पडलं की त्यापुढचं सगळं निकामी. तीन अशा गेल्या. त्यांना झिप म्हणून उघडल्यावर आतलं छोटं चित्र मात्र निघालं, कोणती पत्रिका होती ते ओळखण्यापुरतं.

पेजमेकर: ९ पैकी १ उघडली, ६ ची गिऱ्हाइकाला पाठवलेली पीडीएफ शेजारीच होती, २ गेल्या.

टिफ ८, सगळ्या वापरण्याजोग्या. न दाबलेल्या करड्या टिफमध्ये ३०० डीपीआयला ए४ ची एक ओळ २,४८० बाइट, म्हणजे एका खराब सेक्टरने दोन ओळीही पुऱ्या बिघडत नाहीत. बारीक रेघ दिसते, फोटोशॉपात पुसता येते. जेपीईजीत तेवढ्याच भोकाने खालचं अर्धं चित्र रंग बदलतं. ६ पैकी ४ पेनड्राइव्हवर होत्या, २ नाहीत.

पीडीएफ: क्यूपीडीएफने अनुक्रमणिका पुन्हा बांधून ४ उघडल्या, २ मूळ फाइलीतून परत काढल्या. एक्सेल: विंडोजच्या एक्सेलने नाकारलेल्या ३ लिबरऑफिसने उघडल्या, १ नाही.

झिप: आत प्रत्येक फोटोची स्वतंत्र तपासबेरीज असते. दुरुस्तीच्या पर्यायाने सुटा केला, ४१ फोटो तुटके, बाकी ठीक.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

छापखाना बंद, फोन कमी. तक्त्यातल्या आठ हरवलेल्या नोंदींचा दिवस.

सात नोंदी फाइलींच्या, एक फोल्डरची. फोल्डरची जड पडली: त्यात एका संमेलनाच्या स्मरणिकेच्या २१२ फाइली होत्या. फोल्डरची नोंदच नसल्याने लिनक्समध्ये माउंट केल्यावर तिथे फक्त चूक दिसत होती. पण प्रत्येक फाइलीच्या नोंदीत तिच्या आईबापाचा क्रमांक लिहिलेला असतो. डीएमडीई या साधनाने इमेज उघडून पूर्ण तक्ता वाचला, आणि त्याच क्रमांकाकडे बोट दाखवणाऱ्या २१२ फाइली एका अनाथ फोल्डरात नावांसकट मिळाल्या. मोफत आवृत्ती एका वेळी ४,००० फाइलींपर्यंत काढू देते. इथे पुरेसं होतं.

नंतर चेकडिस्कने कापलेलं. फाउंड.००० मध्ये ३१८ सीएचके फाइली. पहिल्या काही बाइटांवरून जात ओळखली: ‘रिफ’ने सुरू होणारी जुनी सीडीआर, ‘पीके’ने नवी सीडीआर किंवा झिप, टक्का आणि ‘पीडीएफ’ अक्षरं असलेली पीडीएफ. शेपट्या बदलल्या, छोटी चित्रं काढून वीस-वीसच्या पानांवर छापली. ती पानं छापखान्याच्या काकांकडे पाठवायची: ‘काका, ज्यांची नावं आठवतात त्यांच्यापुढे तेवढी लिहा, बाकी सोडा.’ लग्नपत्रिका ओळखायला त्यांच्याइतका जलद कुणी नाही. नवरा-नवरीची नावं आणि गणपतीची चौकट बघितली की वर्ष सांगतात.

१८ जुलै, गुरुवार

सुपूर्द. मशीनमध्ये विंडोजसाठी एसएसडी, कामासाठी १ टीबी डिस्क. फॉन्टांचा फोल्डर डी वर वेगळा, श्रीलिपी आणि नुडी दोन्ही, विंडोजच्या पोटात अडकलेला नाही. तिसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. ती मशीनला कायम लावून ठेवायची नाही, शनिवारी कॉपी झाली की घरी न्यायची. कॉपीसाठी रोबोकॉपीची छोटी बॅच फाइल, आरशाचा पर्याय न लावता. तो लावला तर मशीनवर चुकून पुसलेलं शनिवारी बॅकअपमधूनही पुसलं जातं. महिन्यातून एकदा क्र. ५, १९७ आणि १९८ बघायचे. तिन्ही शून्य असावेत, एक जरी हलला तरी त्याच दिवशी फोन.

जुनी डिस्क परत दिली, पिशवीवर लेबल: ‘विंडोजला जोडू नये. फॉरमॅट करू नये.’

न मिळालेलं: सीडीआर ३, पेजमेकर २, जेपीईजी २, एक्सेल १, आणि झिपमधले ४१ फोटो. तीन सीडीआरपैकी दोन पत्रिका छापखान्याच्या नमुन्यांच्या वहीत चिकटवलेल्या आहेत, स्कॅन करून पुन्हा बसवता येतील. तिसरं विडीचं लेबल, त्याची निगेटिव्ह कारखान्याकडे असल्याचं काका म्हणाले. सीएचकेच्या ३१८ फाइलींची नावं लिहिलेली पानं अजून यायची आहेत.